सावलीसावलीने खजिन्याकडे

परीक्षा संपतात, निकाल लागतात आणि मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणातील घरे पुन्हा एकदा भरू लागतात. मुंबई-ठाण्याहून, पुण्याहून, क्वचित परदेशातूनही आलेली मुले ओटीवर, पडवीत आणि माळ्यावर धुडगूस घालतात. पहिले तीन दिवस आंबे, फणस आणि समुद्र यांत सरतात. चौथ्या दिवशी दुपारी पत्त्यांचा डाव मोडतो, मोठी मुले मोबाइल घेऊन कोपरे धरतात, धाकटी रडकुंडीला येतात आणि 'आता काय करू?' हा प्रश्न स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो. याच सुमारास कोणाला तरी खजिन्याच्या शोधाची कल्पना सुचते. चिठ्ठ्या भराभर लिहिल्या जातात, झाडांच्या ढोल्यांत आणि दगडांखाली खुपसल्या जातात, अकरा वाजता शिट्टी होते. साडेअकराला एकाचे पाय भाजलेले असतात, दुसऱ्याचे डोके दुखत असते, मोठ्यांनी सगळ्या चिठ्ठ्या उलगडलेल्या असतात आणि पाच वर्षांचे धाकटे पोर अजून पहिल्याच झाडाखाली उभे असते.

कल्पना चांगली असूनही खेळ फसतो, कारण तो उन्हाळ्यात खेळायचा आहे याचा विचार आखणीत कुठेच झालेला नसतो. हिवाळ्यात वस्तूंची यादी करून सुरुवात केली तरी निभावून जाते. मे महिन्यात हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी सावली, मग पाणी, त्यानंतर माणसे आणि सर्वांत शेवटी यादी व चिठ्ठ्या. एवढे पथ्य पाळले तर एरवी ओसाड, तापलेला वाटणारा हा महिना शोधाच्या खेळासाठी वर्षातील सर्वांत समृद्ध महिना ठरू शकतो.

'खजिन्याचा शोध' या एकाच नावाखाली दोन निराळे खेळ चालतात. एकात चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीकडे नेते आणि शेवटी एका जागी बक्षीस सापडते. दुसऱ्यात प्रत्येक गटाला वस्तूंची एकच यादी मिळते व ठरलेल्या वेळेत जास्तीत जास्त वस्तू शोधून आणायच्या असतात. पहिल्या खेळात साखळीची एक कडी निसटली की सारा खेळ अडतो आणि अडलेली मुले उन्हात सैरावैरा धावतात. दुसऱ्यात असे अडणे नाही. एखादी वस्तू सापडली नाही तर पुढच्या वस्तूकडे वळता येते, पाच वर्षांच्या मुलालाही दोन-चार वस्तू मिळतातच, आणि दमलेला गट केव्हाही सावलीत बसू शकतो. मोठ्या कुटुंबाने उन्हाळ्यात दुसरा प्रकार मुख्य धरावा आणि चिठ्ठ्यांची गंमत त्यात जोडीला घ्यावी.

यादीचा हा खेळ पाश्चात्त्य देशांत लोकप्रिय झाला तो १९२० व १९३० च्या दशकांत, आणि तोही धनिकांच्या मेजवान्यांतून. एल्सा मॅक्सवेल या अमेरिकी यजमानीणबाईंचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. रात्रीच्या वेळी पाहुणे शहरभर हिंडून चित्रविचित्र वस्तू गोळा करीत. या हौसेतील पोकळपणाची खिल्ली १९३६ साली 'माय मॅन गॉडफ्रे' या चित्रपटाने उडवली. त्याच्या आरंभी श्रीमंतांच्या यादीत 'विस्मृतीत गेलेला माणूस' अशीही एक 'वस्तू' असते, आणि मंदीत देशोधडीला लागलेल्या माणसाला उचलून आणण्यासाठी त्या बायका कचऱ्याच्या ढिगाऱ्यापर्यंत जातात. घरगुती खेळाच्या यादीत आजी-आजोबांना जागा द्यायची असेल, आणि ती द्यायलाच हवी, तर या प्रसंगाची आठवण ठेवलेली बरी. त्यांना शोधून आणायचे नसते; त्यांच्याकडे जाऊन विचारायचे असते.

घड्याळ उन्हाचे

मे महिन्यात कोकणात सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सातच्या आसपास मावळतो. खेळासाठी यांतील दोनच तुकडे उपयोगाचे: सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी पाच ते साडेसहा. विदर्भ-मराठवाड्यात सकाळचा खेळ साडेआठलाच आटोपावा. तिथे नऊचे ऊन कोकणातील अकराच्या उन्हाला भारी पडते. 'मुलांना उन्हाचे काही होत नाही' हा समज घरोघरी आढळतो, आणि तो धोक्याचा आहे. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात तहान लागल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही.

समुद्राकाठच्या लोकांची आणखी एक फसगत होते. पारा चाळिशीला पोहोचत नाही म्हणून ऊन सौम्य आहे असे त्यांना वाटते. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेले की उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतो. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांचीच आहे. दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही पारा चाळीसच्या आतच होता.

म्हणून खेळाच्या आदल्या दिवशी, ज्या वेळी खेळ होणार आहे नेमक्या त्याच वेळी, आखणी करणाऱ्याने सारा परिसर स्वतः पायी फिरून पाहावा. सातला जिथे गार सावली असते तिथे साडेआठला ऊन आलेले असते. सावलीचे हे सरकणे कागदावर कळत नाही. खळ्यात, पाखाडीवर, आगरात कुठे किती वाजेपर्यंत सावली टिकते याची टिपणे करावीत आणि खेळाची हद्द त्यांनुसार आखावी. हद्द डोळ्यांना दिसेल अशी हवी: या गडग्यापासून त्या चिंचेपर्यंत. हद्दीबाहेरची वस्तू कितीही सुंदर असली तरी तिला गुण नाहीत, हे शिट्टीपूर्वीच सांगून टाकावे.

पाण्याची व्यवस्था हा खेळाचाच भाग करता येतो, आणि ही युक्ती मोठ्या बाटल्या गळ्यात अडकवण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते. पडवीतल्या माठाशी एक माणूस बसवावा. यादी एकदम हातात न देता तीन तुकड्यांत द्यावी. पहिल्या पाच वस्तू आणल्या की गटाने माठाशी यायचे, प्रत्येकाने पेलाभर पाणी, ताक किंवा कोकम सरबत प्यायचे आणि मगच पुढच्या पाच वस्तूंचा कागद मिळायचा. शर्यतीच्या भरात जे मूल एरवी पाणी पिण्याचे नाव काढत नाही, ते इथे पेला रिकामा केल्यावाचून गटाला पुढे जाऊ देत नाही. कैरीचे पन्हेही चालेल. एखाद्याला थकवा, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली तर त्याला तत्काळ सावलीत आणून ओल्या फडक्याने अंग पुसावे आणि लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी घोटाघोटाने द्यावे. चमचा चहाचा धरावा. मूल बरळू लागले, त्याची शुद्ध हरपू लागली किंवा अंग चटका बसण्याइतके तापले तर तो थकवा नव्हे. अशा वेळी तोंडाने काही देऊ नये, अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगोलग रुग्णालय गाठावे.

उन्हाच्या जोडीला वळवाच्या पावसाचेही भान असावे. मेच्या मध्यानंतर दुपारनंतरच्या वेळी ढग दाटून येतात. पहिल्या गडगडाटाबरोबर खेळ थांबवून सर्वांनी घरात यायचे, झाडाखाली आसरा घ्यायचा नाही, हा नियम वादाला जागा न ठेवता पाळावा.

हात कुठे घालायचा नाही

चिठ्ठी लपवण्याचा मोह होतो अशा बहुतेक जागा साप-विंचवांच्याही आवडीच्या असतात. जांभ्याच्या चिऱ्यांचा रचलेला ढीग, गडग्यातील फटी, सरपणाची उतरंड, नारळाच्या वाळलेल्या झावळ्यांचा भारा, झाडाची ढोली यांत हात घालायची वेळ कोणावरही येता कामा नये. कोकणातील कातळावर फुरसे आढळते; ते इतके लहान आणि मातीच्या रंगाचे असते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. लाल विंचवाचा दंश एके काळी कोकणात जीवघेणा समजला जाई. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर चित्र पालटले; पण औषधाचा उपयोग वेळेत पोहोचणाऱ्यालाच होतो. दंश झाल्यास चिरा देणे, आवळून बांधणे, झाडपाला लावणे यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा घरच्या वाहनाने निघावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस आहे याची चौकशी खेळाच्या आधीच करून ठेवावी.

या साऱ्यावर उपाय सोपा आहे. चिठ्ठी लपवायची नाही, टांगायची. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पानांच्या आड, रंगीत सुतळीने बांधलेली चिठ्ठीही शोधायला पुरेशी अवघड असते. पायांत चपला-बूट सक्तीचे. नारळाखालून आणि पिकलेल्या फणसाखालून वाट नेऊ नये. विहीर, तळी आणि वहाळाची कोंड पूर्णपणे हद्दीबाहेर ठेवावी. रहाटावरचे कोडे सुचायला सर्वांत सोपे असते, आणि चिठ्ठी ठेवायला ती जागा सर्वांत वाईट.

काही वनस्पतींबद्दलही आधी सांगून ठेवायला हवे. गुंजेची लाल-काळी बी इतकी देखणी असते की हौशी माणसे ती हमखास यादीत घालतात. मात्र चावली गेल्यास ती विषारी आहे. कण्हेर आणि धोत्रा तर सर्वज्ञातच. ओल्या काजूच्या टरफलातील तेलाने आणि आंब्याच्या चिकाने कातडी भाजते. रानाच्या कडेला वेलीवर सोनेरी लवेच्या शेंगा दिसल्या तर त्या खाजकुयलीच्या असण्याचा संभव आहे. त्यांना हात लावलेला माणूस दिवसभर दुसरे काही करू शकत नाही. नियम एकच पुरेसा आहे: सापडलेले काहीही घरातील मोठ्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही. करवंदेसुद्धा.

यादी म्हणजेच खेळ

यादी करताना बहुतेकांची मजल 'एक काडी, एक दगड, एक पिवळे पान' यांच्यापुढे जात नाही. अशा वस्तू पाच मिनिटांत गोळा होतात आणि कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. चांगल्या यादीत वस्तूचे नाव क्वचितच असते. वस्तूचा गुण असतो. 'वाजणारी वस्तू' असे लिहिले की एखादा गट शिरीषाची वाळलेली शेंग घेऊन येतो, दुसरा बहाव्याची काळी नळी कानाशी हलवत येतो. 'उडून जाणारे बी' म्हटले की शोधाला पाय फुटतात. वावळाच्या कागदासारख्या चकत्या याच दिवसांत झाडाखाली पसरलेल्या असतात. सावरीची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर फिरत असतो. शेवग्याच्या वाळक्या शेंगेत तीन पंखांचे बी मिळते आणि रुईचे रेशमी केसांचे बी, म्हणजे मुलांची म्हातारी, धरू म्हणता हाती लागत नाही. पळसाची फुले कधीच झडून गेलेली असतात, पण त्याच्या चपट्या शेंगा असतात. त्या शेंगेत एकच बी असते आणि तेही अगदी टोकाला. 'एकुलते एक बी असलेली शेंग' ही पळसपापडीची ओळख मुलांनी आपली आपण काढली तर ती कायमची होते.

झाडांपाशी थांबण्याचे कारण नाही. सालीला चिकटून राहिलेली किड्याची रिकामी कात, पडवीच्या कडेला कोरड्या भुसभुशीत मातीतील नरसाळ्यासारखे खड्डे (त्यांच्या तळाशी मुंगीची वाट पाहत एक अळी दडलेली असते), आंब्याची पाने शिवून लाल मुंग्यांनी केलेले घर, गेल्या पावसाळ्यातील सुगरणीचा तपकिरी पडलेला खोपा, तीन रंगांची माती. यांतील खोपा, मुंग्यांचे घर आणि खड्डे यांना हात लावायचा नाही. गटातील मोठ्या माणसाच्या मोबाइलवर छायाचित्र काढून आणले की गुण मिळतात. फुले-फळे तोडायची नाहीत, खाली पडलेलीच उचलायची, हे बंधन घातले तर झाडांचे नुकसान टळते आणि मुलांची नजरही जमिनीवर राहते. सापाच्या दिवसांत तेही चांगलेच.

आता यादीतील खरा मोलाचा भाग. पंधरा वस्तूंतील किमान पाच अशा असाव्यात की ज्या घरातील वडीलधाऱ्या माणसाला विचारल्याखेरीज सापडणारच नाहीत. उदाहरणार्थ, 'आजोबांचा झोका ज्या झाडाला होता, त्या झाडाचे पान.' हे झाड कोणत्याही पुस्तकात नाही आणि मोबाइलमध्येही नाही. किंवा 'वाडीतील एका रायवळ आंब्याच्या झाडाचे नाव आणि ते नाव पडण्याचे कारण.' कलमांच्या हापूसला स्वतंत्र नाव नसते; सगळी कलमे सारखीच. बीपासून वाढलेल्या रायवळाचे मात्र प्रत्येक झाड निराळे, म्हणून जुन्या माणसांनी चवीवरून, वासावरून, आकारावरून, कधी ते लावणाऱ्यावरून एकेका झाडाला नाव दिलेले असते. घर मुंबईला गेले, वाडी कराराने दिली गेली की ती नावे पुसली जातात आणि झाड नुसता 'तो मागचा आंबा' होऊन उरते. अशी चार-पाच नावे जरी एका सकाळी वहीत उतरली तरी त्या खेळाने पुष्कळ काम केले.

आमसुलांबद्दलही असेच विचारता येते. मे महिन्यात अनेक घरांच्या खळ्यात रातांब्याची साले वाळत पडलेली असतात. ती पुनःपुन्हा रसात भिजवून, मीठ लावून उन्हात घालावी लागतात. 'या वर्षीच्या आमसुलांना आजीने किती पुटे दिली?' असा प्रश्न यादीत घातला की गट स्वयंपाकघराकडे धावतो, आणि उत्तरासोबत मागील वर्षी पाऊस लवकर आल्याने काय झाले, याची गोष्टही घेऊन येतो. आजी-आजोबांना मात्र एक ताकीद हवी. विचारल्याशिवाय सांगायचे नाही, आणि आवडत्या नातवाला खुणा करायच्या नाहीत. दुसरी ताकीद फारशी पाळली जात नाही.

गट आणि गुण

समजा, घरात नऊ मुले आहेत आणि त्यांची वये पाच ते सतरा. समवयस्कांचे गट पाडले तर निकाल आधीच ठरतो. म्हणून तीन गट करावेत आणि प्रत्येकात एक लहान, एक मधले, एक मोठे मूल घ्यावे. सोबत एक मोठे माणूस, जे शोधणार नाही, केवळ लक्ष ठेवील. कामे वाटून द्यावीत. यादी मधल्याने वाचायची, नोंद मोठ्याने ठेवायची आणि सापडलेली वस्तू पिशवीत टाकण्याचा अधिकार फक्त सर्वांत लहानाचा. या एका नियमाने सतराव्या वर्षीच्या दादाला पाच वर्षांच्या भावंडाचा हात धरून चालावे लागते आणि सगळ्या खेळाची गती आपोआप उन्हाला मानवेल इतकी होते. तिघे एकत्र माठाशी आल्याखेरीज पुढचा कागद नाही. बहुतेक ठिकाणी पहिल्या दहा मिनिटांत या नियमावरून कुरबुर होते, मग मावळते.

गुण देताना वस्तूला एक, तिच्या अचूक नावाला आणखी एक आणि ते नाव कोणाकडून कळले हे सांगितल्यास आणखी दोन, अशी वाटणी केली तर धावण्यापेक्षा विचारण्याला किंमत येते. आधी पोहोचणाऱ्याला जादा गुण मुळीच ठेवू नयेत. मे महिन्यात वेगाला बक्षीस देणे म्हणजे घेरी येण्याला आमंत्रण देणे होय.

चिठ्ठ्यांची हौस असेल तर यादीच्या शेवटी तीन-चार कोड्यांची छोटी साखळी जोडावी, आणि ती घराच्या सावलीतच फिरवावी. उखाणे आणि कोडी मराठी घरांना नवीन नाहीत. तयार कोड्यांची उत्तरे मात्र कोणाला तरी पाठ असतात, म्हणून घरातील वस्तूंवर नवीच रचावीत. 'मला घाम सुटला की घरातल्यांचा घाम जिरतो' म्हणजे माठ. 'दोघे एकमेकांना घासतात, भरडला जातो तिसराच' म्हणजे पाटा-वरवंटा. 'मी घरात नाही आणि घराबाहेरही नाही. मला ओलांडल्यावाचून कोणी जेवायला बसत नाही' म्हणजे उंबरठा. पाटा-वरवंट्यापाशी शहरातील मुले हमखास अडतात. अशा वेळी उत्तर न सांगता त्या दिवशीची चटणी मिक्सरऐवजी पाट्यावर वाटायला घ्यावी.

बक्षीस पैशांचे किंवा महागड्या वस्तूचे असू नये. ते वाटून घेण्याजोगे असावे. दुपारच्या आमरसाची पहिली वाटी जिंकणाऱ्या गटाला, आणि फणस फोडताना पहिला गरा त्यांतील सर्वांत धाकट्याला, एवढा मान पुरतो.

गाव नसेल तर

ज्यांना गावचे घर नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. शहरातील मे महिना फुलांचा असतो. सोसायटीच्या आवारातील गुलमोहराखाली पडलेले फूल उचलून 'पाचांतील निराळी पाकळी' शोधायला सांगावी. चार पाकळ्या तांबड्या आणि पाचवीवर पांढरट नक्षी असते, हे वर्षानुवर्षे त्या झाडाखालून जाणाऱ्यांनीही पाहिलेले नसते. पिवळे झुंबर लोंबणारा बहावा, रस्त्यावर पिवळा सडा घालणारा पीतमोहर आणि जांभळ्या तुऱ्यांचे ताम्हण एकाच फेरीत भेटू शकतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल. सायंकाळच्या खेळासाठी 'झोपायला निघालेले झाड' अशी एक नोंद ठेवावी. पर्जन्यवृक्षाची पाने उन्हे कलल्यावर मिटू लागतात.

मुंबईत भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, म्हणजे राणीच्या बागेत, दुर्मीळ वृक्षांची सावली आहे. गोरखचिंचेचे फुगलेले खोड आणि थेट बुंध्यावर फुले धरणारा कैलासपती यादीसाठी आयते उपलब्ध आहेत. बुधवारी हे उद्यान बंद असते. पुण्यात एम्प्रेस गार्डनमधील जुने वृक्ष सकाळच्या खेळाला पुरेसे आहेत. सार्वजनिक बागेत काही तोडायचे किंवा न्यायचे नाही, सगळी यादी पाहण्याची आणि छायाचित्रांची करावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कोणत्याही अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून वनातील काही उचलून आणता येत नाही. पडलेले पीससुद्धा तिथेच राहू द्यावे.

गावात असो वा शहरात, दुपारच्या उन्हात करता येण्याजोगी एकच नोंद आहे आणि ती अंगणात किंवा गच्चीत दोन मिनिटांत आटोपते. मे महिन्यात महाराष्ट्रातील प्रत्येक ठिकाणी एक दिवस असा येतो की सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. रत्नागिरीच्या आसपास तो ८ मे, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास असतो. वेळ बारा वाजताची नव्हे. कोकणात साधारण साडेबारा उलटून तीन-पाच मिनिटांनी, तर नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. हाच योग जुलैत किंवा ऑगस्टच्या आरंभीही येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. सुट्टीत तो दिवस सापडला तर यादीत 'हरवलेली सावली' अशी नोंद घालावी, आणि ती पाहून मुलांना लगेच आत घ्यावे.

दुपार मोजणीची

नऊ वाजता खेळ संपला की दुपारी जेवणानंतर ओटीवर सतरंजी अंथरून पिशव्या रित्या कराव्यात. ही मोजणी घाईने उरकू नये. कोणती वस्तू कुठे मिळाली, तिचे नाव कोणी सांगितले, यावर इथे खरी चर्चा होते. मोबाइलवर झाडांची नावे सांगणारी साधने आता आली आहेत. ती खेळात वापरू न देता या वेळी काढावीत. मोबाइलने सांगितलेले नाव आणि आजीने सांगितलेले नाव शेजारी शेजारी लिहावे. दोन्ही जुळली तर उत्तमच. नाही जुळली तर पान पुन्हा पाहावे, झाडापर्यंत जाऊन यावे. आजीचे नाव त्या गावापुरते असेल, मोबाइलचे चुकीचेही असेल. ही सारी नावे एका वहीत तारखेसह उतरवून वही गावच्या घरीच ठेवावी. पुढच्या वर्षीची यादी तिच्यातूनच निघते.

उरलेली कामे लहानसहान असली तरी टाळू नयेत. टांगलेल्या चिठ्ठ्या आणि सुतळ्या मोजून परत आणाव्यात. जितक्या लावल्या तितक्या आल्या पाहिजेत. मुंग्या निघाल्या की पिशव्या बाहेर झटकाव्यात. गोळा झालेल्या बियांपैकी फणसाच्या आठळ्या आणि आंब्याचे बाठे फार दिवस टिकत नाहीत. त्यांतील काही आठळ्या मीठ घालून उकडाव्यात, उरलेल्या बाठ्यांसह चार दिवसांत मातीत घालाव्यात. बहाव्याच्या बियांचे कवच टणक असते. त्या एका बाजूने दगडावर घासून, रात्रभर पाण्यात ठेवून, जूनचा पहिला पाऊस झाल्यावर पेराव्यात. मुले तोवर शहरात परतलेली असतील. म्हणून कोणती बी कोणी आणली, हे पिशवीवर नावानिशी लिहून ठेवावे, म्हणजे कोंब आल्याचे फोनवर नेमके कोणाला कळवायचे ते आजोबांना समजेल.